संहिता आणि प्रयोग

नाटकाच्या छापील पुस्तकाला आपण संहिता म्हणतो आणि कायद्याच्या पुस्तकालाही संहिताच म्हणतो. ह्या दोन वस्तूंना एकाच नावाने का हाक मारावी, ह्याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. तो करावयास लावला माझ्या बहिणीच्या नातीने. आणि तोही इटियाडोह धरणाच्या भिंतीवर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.

माझी धाकटी बहीण इटियाडोहाच्या कालव्याखालच्या एका गावी दिलेली आहे. गाढवी नदी अडवून गोठणगावजवळ बांधलेले हे धरण १९७० साली पुरे झाले. त्या वेळी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये. अर्जुनी-मोरगाव, लाखांदूर, वडसा, आरमोरी ह्या बाजूंचे धान ह्या पाण्याकडे डोळे लावून असते. दिवाळीच्या सुमारास तलाव काठोकाठ भरलेला असतो, मागची जंगले हिरवी असतात, खाली बांध्यांतून धान पिवळे पडू लागलेले असते. अशा ठिकाणी माणसाने डबा उघडावा, चकली खावी आणि गप्प बसावे. पण बरोबर नात होती, तिची सुट्टीनंतर चाचणी होती आणि तिने नागरिकशास्त्राचे पुस्तक पिशवीतून आणले होते.

"आजोबा, म्हणून दाखवते हं," असे म्हणून तिने एका दमात पाठ म्हटला. विधेयकाचा मसुदा तयार होतो. तो सभागृहात मांडला जातो, हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वांची व मग कलमवार चर्चा होते, जरूर तर विधेयक समितीकडे जाते, दुरुस्त्या सुचवल्या जातात. तिसऱ्या वाचनात मत घेतले जाते. मग दुसरे सभागृह. मग राज्यपालांची संमती. मग राजपत्रात प्रसिद्धी. विधेयकाचा कायदा झाला.

भाचा भिंतीला टेकून ऐकत होता. त्याची शेती कालव्याच्या पार शेवटाकडे. तो म्हणाला, "मामा, हे सगळे खरे असेल. पण यंदा उन्हाळी धानाला पाणी कोणत्या भागाला मिळणार, ते ह्यातल्या कोणत्या वाचनात ठरते?"

पोरगी पुस्तक चाळू लागली. मी चकली खाऊ लागलो. उत्तर दोघांनाही सापडले नाही.

घरी परतल्यावर मी ते प्रकरण पुन्हा वाचले, आणि वाचताना समीक्षकाची जुनी खोड जागी झाली. शाळेच्या पुस्तकातले प्रकरण म्हणजे काही वाङ्मय नव्हे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्या राज्यातल्या प्रत्येक मुलाने, पुढे तो वकील होवो की हमाल, वाचलेली ही एक गोष्ट आहे. इतके वाचक आपल्या थोर कादंबरीकारांनाही लाभले नाहीत. तेव्हा ह्या गोष्टीचे परीक्षण दिवाळी अंकात का करू नये?

पहिल्याने गुण सांगितले पाहिजेत. ह्या गोष्टीची बांधणी फार सुरेख आहे. तिला आदि, मध्य आणि अंत आहे. संघर्ष आहे, पण तो सभ्य आहे. एका सभागृहाने घाई केली तर दुसरे तिला आवर घालते. शेवट गोड आहे, आणि तो सहीने होतो. आपल्या कहाण्यांत 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' होते, तशी ही कहाणी राजपत्रात सुफळ संपूर्ण होते. शिवाय ह्या गोष्टीत एक फार मोठा विचार लपलेला आहे. एखादी गोष्ट तीनदा वाचल्याशिवाय ती लोकांवर लादू नये, हा तो विचार. घरात मुलीचे लग्न ठरवतानाही आपण तीनदा विचार करतो. राज्यानेही करावा, ही अपेक्षा काही खोटी नव्हे.

आता दोष. गोष्टीतली पात्रे पाहा. मंत्री आहेत, सदस्य आहेत, अध्यक्ष-सभापती आहेत, राज्यपाल आहेत. ज्याच्यावर हा कायदा चालावयाचा तो माणूस मात्र कोठेही नाही. तो रंगमंचावर नाही, विंगेत नाही आणि प्रेक्षकांतही नाही. माझ्या भाच्याने जो प्रश्न विचारला तो ह्या रिकाम्या जागेतून आलेला होता. ह्या एका दोषातून बाकीचे सारे दोष निघतात. गोष्ट जेथे सुरू व्हावयास हवी तेथे सुरू होत नाही, जेथे संपू नये तेथे संपते, आणि मधला भाग जसा लिहिला आहे तसा क्वचितच वठतो.

मधल्या भागापासून सुरुवात करू. कारण त्याचे एक विलक्षण उदाहरण ह्याच मुलखातले आहे.

भंडारा-गोंदियाचा हा प्रदेश तळ्यांचा. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या येथे तळी बांधली. कोलू पाटील कोहळी ह्यांच्या नावाशी जोडलेला नवेगाव बांध येथून दूर नाही. ह्या तळ्यांना आज 'मामा तलाव' म्हणतात. माझ्या नातीची लहानपणी समजूत होती की ही तळी कोणाच्या तरी मामाची. आणि मामा म्हणून घरात येणारा मी एकटाच असल्यामुळे माझी मालमत्ता तिच्या हिशेबी अफाट होती. प्रत्यक्षात 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. कचेरीतल्या संक्षेपाचे बोलीत असे गोड नाते झाले आहे. पण त्यातल्या 'माजी' ह्या दोन अक्षरांमागे एक कायदा उभा आहे.

त्या कायद्याचे नाव मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५०. हा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि विधानसभा नागपुरात भरत असे. विधेयक ऑक्टोबर १९४९ मध्ये मांडले गेले, ५ एप्रिल १९५० रोजी मंजूर झाले, जानेवारी १९५१ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले. एवढे सारे पुस्तकाबरहुकूम. पण अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव आणि इतर काही मालगुजार-जमीनदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथे त्यांच्या वकिलांनी एक मोठा मजेदार मुद्दा काढला. विधानसभेच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या अहवालात, विधेयक मंजूर करावे हा शेवटचा प्रस्ताव अध्यक्षांनी मताला टाकला आणि तो मंजूर झाला, अशी ओळच नव्हती! म्हणजे शाळेच्या पुस्तकातले तिसरे वाचन जेथे पुरे व्हावयाचे, नेमके तेथेच अहवाल मुका होता.

मे १९५२ मध्ये न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. राष्ट्रपतींकडे गेलेल्या विधेयकाच्या प्रतीवर अध्यक्षांनी सही करून, विधेयक त्या दिवशी मंजूर झाले असा दाखला दिलेला होता; तो दाखला निर्णायक मानला गेला. अहवालातली उणीव ही नजरचूक, तिच्यामुळे कायदा मोडत नाही, असे ठरले. मला हा निकाल योग्यच वाटतो. शेकडो वर्षांची मालकी एका गळलेल्या ओळीच्या आधाराने टिकावी, हे कोणाला रुचेल? मालगुजारीत वेठ होती, जुलूम होता, आणि तिचा अंत व्हावयासच हवा होता. पण वाचक म्हणून माझ्या मनात दुसरीच गोष्ट राहते. सभागृहातली पायरी चुकली की काय, ह्यावर देशातले नामांकित वकील वाद घालत होते. तळ्याचे काय होणार, हा प्रश्न कोणाच्या पायरीवर होता?

ह्या कायद्याचे चौथे कलम अवश्य वाचण्यासारखे आहे. मालगुजाराकडून सरकारकडे काय काय जाणार, ह्याची त्यात यादी आहे. पिकाऊ जमीन, पडीक जमीन, गवताळ राने, झुडपी जंगल, वने, झाडे, मासेमारी, विहिरी, तळी, डबकी, पाण्याच्या वाटा, नावेचे उतार, पायवाटा, गावठाणे, हाट, बाजार आणि मेळे. पुढच्या कलमात अपवाद आहेत, पण यादीचा घाट पाहा. एखाद्या जुन्या पोवाड्यात लुटीची मोजदाद यावी तसा. गावाचे सारे जग एका वाक्यात उचलले आहे, मेळ्यासुद्धा! फक्त त्या जगात राबणारे हात यादीत नाहीत. पाळ फुटली तर माती कोणी टाकावयाची, गाळ कोणी काढावयाचा, पाणी वाटणाऱ्या पाणकराला धान कोणी द्यावयाचे, हे त्या यादीत कोठे बसणार? मालकी उचलता येते, वहिवाट उचलता येत नाही. तळी सरकारकडे गेली, पुढे त्यातली लहान तळी जिल्हा परिषदेकडे आली, आणि अनेक तळ्यांत गाळ साचत गेला. आज ह्या भागात कोणत्याही पारावर बसा, ही हकीकत ऐकावयास मिळेल.

ह्याच मुलखात त्याआधी एक वेगळा कागद होता. जुन्या जमीन बंदोबस्तात गावागणिक 'वाजिब-उल-अर्ज' लिहिला जाई. गावाची निस्ताराची, पाण्याची, वाटांची वहिवाट काय आहे, ती त्यात नोंदलेली असे. परक्या राजवटीचा कागद तो, आणि त्यातही जबर माणसाचेच म्हणणे अधिक उतरत असेल. तरीही लिहिणाऱ्याला गावात येऊन विचारावे तरी लागे. लोकांनी निवडलेल्या सभेच्या कायद्याने निदान तेवढे तरी विचारावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक छोटे वाक्य असते: जरूर तर विधेयक समितीकडे पाठवले जाते. विचारण्याची जागा ती. साक्षी तेथे घेतल्या जातात, निवेदने तेथे वाचली जातात. ह्या वाक्याचे अलीकडे काय झाले पाहा. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ह्या संस्थेच्या मोजदादीप्रमाणे पंधराव्या लोकसभेच्या काळात, म्हणजे २००९ ते २०१४ मध्ये, शेकडा ७१ विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४ मध्ये, शेकडा १६. शेतीविषयक तीन कायदे जून २०२० मध्ये अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरात समितीकडे न जाता मंजूर झाले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत, चर्चेवाचून, रद्द झाले. ते कायदे चांगले होते की वाईट, ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण येताना शेतकऱ्याला विचारले नाही, ह्याची भरपाई जाताना न विचारल्याने होत नाही. मधे एक वर्ष तो दिल्लीच्या सीमेवर रस्त्यात बसून होता. समितीच्या खोलीत जे ऐकावयाचे ते रस्त्यावर ऐकावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

आता शेवटाकडे वळू. पुस्तकातली गोष्ट राजपत्रात संपते. माझ्या भाच्याची गोष्ट तेथे सुरू होते.

महाराष्ट्राने १९७६ साली आपला पाटबंधारे कायदा केला. त्याने विदर्भातला १९३१ चा, मुंबई इलाख्यातला १८७९ चा आणि निजामी मुलखातला असे जुने कायदे मोडीत काढले. ठीक झाले. पण कायदा म्हणतो, "विहित रीतीने". आणि ती रीत विहित करावयाची ती नियमांनी. हे नियम सभागृहात बसून कोणी लिहीत नाही, ते मंत्रालयात लिहिले जातात. चाळीस वर्षे होत आली तरी ह्या कायद्याचे स्वतःचे नियमच झाले नाहीत आणि मोडीत निघालेल्या कायद्यांखालच्या जुन्या नियमांवर गाडा चालू आहे, ही तक्रार जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे ह्यांनी वारंवार, न्यायालयापर्यंत जाऊन, मांडली. नाटक नवे, पण नटांच्या तोंडी संवाद जुन्या नाटकाचे, असा हा प्रकार.

आणि उन्हाळी पाण्याचे काय? ते ठरते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. धरणात किती पाणी आहे, कोणत्या पिकाला, कोणत्या भागाला, किती पाळ्या, हे तेथे ठरते. ही समिती शासन निर्णयाने, ज्याला सारा महाराष्ट्र 'जी.आर.' म्हणतो त्या कागदाने, नेमली जाते. भाच्याच्या शेतापुरते बोलावयाचे तर वर्षातला सर्वांत मोठा कायदा त्या दिवशी होतो. त्याला पहिले वाचन नाही, दुसरे वाचन नाही. पोरीच्या पुस्तकात त्या समितीचे नावही नाही.

ह्यावर उत्तर असे की इतक्या बारीकसारीक गोष्टी विधिमंडळाने कशा ठरवाव्यात? खरे आहे. नियम, परिपत्रके, शासन निर्णय ह्यांच्यावाचून आजचे राज्य एक दिवस चालणार नाही. प्रश्न तो नाहीच. सभागृहाबाहेर जे लिहिले जाते ते आधी दाखवले जाते का, हरकत घेता येते का आणि मागाहून सभागृह ते वाचते का, एवढाच प्रश्न आहे. नियम सभागृहापुढे ठेवावेत अशी तरतूद कायद्यांत असते. पण ठेवणे आणि वाचणे ह्यांत जे अंतर आहे, ते घरी पोथी ठेवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

येथे माझ्या परीक्षणाला एक अडचण येते, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुस्तकाची वाट सोडून झालेले सारेच वाईट, असे म्हणण्याची सोय नाही.

रोजगार हमीचे घ्या. वि. स. पागे ह्यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास ही कल्पना लहान प्रमाणावर राबवून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला लाखो बायाबापड्या गेल्या. पागे स्वतः विधानपरिषदेचे सभापती. विधेयकाच्या पायऱ्या त्यांना पाठ. तरी योजना आधी चालली, शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर घेऊन तिचा खर्च उभा राहिला, आणि कायदा आला १९७७ मध्ये. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. प्रयोग आधी आणि संहिता मागाहून! २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तोही ह्याच अनुभवावर.

किंवा जादूटोणाविरोधी कायदा घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झटत होते. २००५ च्या डिसेंबरात विधानसभेने एक मसुदा मंजूरही केला. पण तो पुढे अडकला. वाचन, चर्चा, दुरुस्ती, पुन्हा मसुदा, पुन्हा चर्चा. पुस्तकातली प्रत्येक पायरी विधेयक चढण्यासाठी नव्हे, बसण्यासाठी वापरली गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूर अधिवेशनात त्याचा कायदा झाला. तीन वाचने जे आठ वर्षांत करू शकली नाहीत ते एका मरणाने चार दिवसांत केले. अशा वेळी पायऱ्यांचे गोडवे कोणत्या तोंडाने गावेत?

पण त्याच अध्यादेशाचे दुसरे रूपही पाहिले पाहिजे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ डॉ. दि. चं. वाधवा बिहारच्या जमिनीचा अभ्यास करण्यास गेले आणि त्यांना आढळले की तेथे १९६७ ते १९८१ ह्या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते. त्यातला एक तर जवळजवळ चौदा वर्षे. त्यांनी पुस्तक लिहिले, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने ह्या प्रकाराला संविधानाशी केलेली लबाडी ठरवले. महाराष्ट्रातला अध्यादेश चार महिन्यांत सभागृहात परत आला. बिहारमधले परत येतच नव्हते.

ह्यातून एक कसोटी हाती लागते. 'प्रयोग आधी, संहिता मागाहून' ह्याचे आपल्याकडे आणखी एक उदाहरण आहे, त्यावर ती घासून पाहू. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पिण्यासाठी, शेतीसाठी, उद्योगांसाठी पाण्याचा वाटा ठरवण्याचे काम ह्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे, असे त्यात लिहिले होते. प्रत्यक्षात धरणांचे पाणी शहरांना आणि कारखान्यांना देण्याचे निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत राहिली. अमरावतीजवळच्या एका औष्णिक वीज प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून वाद पेटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. वाटा ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे आला आणि मागचे निर्णय वैध मानले गेले.

येथेही प्रयोग आधी आणि संहिता मागाहून. मग पाग्यांच्या कायद्यात आणि ह्या दुरुस्तीत फरक काय? फरक हा की रोजगार हमीच्या संहितेने, जो मजूर आजवर सरकारच्या मर्जीने काम मिळवत होता, त्याला काम मागण्याचा हक्क दिला. २०११ च्या दुरुस्तीने, जो शेतकरी प्रश्न विचारण्यासाठी न्यायालयाच्या दारात उभा होता, त्याच्या प्रश्नाचीच हवा काढून घेतली. एकीने माणसाला रंगमंचावर आणले. दुसरीने त्याला बाहेर नेऊन बसवले.

आणि पुस्तकाची वाट नीट चालली तर काय होते, तेही जवळच पाहावयास मिळते. २००६ चा वनहक्क कायदा संसदेत आला तेव्हा तो संयुक्त संसदीय समितीकडे गेला. मूळ मसुद्यात १९८० पूर्वीचा कब्जाच धरला जाणार होता आणि हक्क केवळ आदिवासींपुरते होते. समितीने ऐकून घेतले. अंतिम कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आली आणि पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतरांनाही जागा मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ह्या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. तरी गोष्ट संपली नाही. बांबू हे गौण वनोपज आहे असे कायद्यात लिहिलेले असूनही तो तोडून विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडले. पण गाव भांडू शकले, कारण भांडावयास कायद्यात त्याच्या बाजूचे एक वाक्य होते. आणि ऐकून घेण्यासाठी जी समिती बसली होती तिच्यामुळे तो कायदा रुंद झालेला होता.

तेव्हा शाळेच्या पुस्तकावर माझा अंतिम आक्षेप एवढाच. ते खोटे नाही. पण ते पायऱ्या मोजावयास शिकवते, आणि पायऱ्या मोजणारा माणूस गळलेल्या एका ओळीपाशी अडतो. त्या प्रकरणाच्या शेवटी, स्वाध्यायात, एकच प्रश्न वाढवावा: हा कायदा ज्याला लागू होणार होता, त्याला कोणी, केव्हा आणि कोठे विचारले? हा प्रश्न विधेयकाला लावा, अध्यादेशाला लावा, जी.आर.ला लावा. तो सगळीकडे लागू पडतो. उत्तर आले तर वाट कोणतीही असो, बरी म्हणावी. उत्तर आले नाही, तर तिन्ही वाचने झाली असली तरी कायदा वाचून झालेला नाही.

हे सारे मी रात्री जेवताना घरात सांगितले. नात म्हणाली, "आजोबा, हे लिहिले तर मार्क मिळणार नाहीत." मी तिला पुस्तकातलेच लिहिण्यास सांगितले. परीक्षा ही वेगळी संहिता आहे.

भाचा मात्र गप्प होता. थोड्या वेळाने त्याने कपाटातून एक कागद काढला. कालव्याच्या शेवटाकडच्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नाही, ह्याबद्दलचा तो अर्ज दोन वर्षांपूर्वीचा होता. एका कचेरीने त्याला दुसरीकडे आणि दुसरीने पहिलीकडे पाठवले होते. "समितीची बैठक व्हायची आहे, मामा," तो म्हणाला. "तुम्ही एवढे बोलता, तर हा नीट लिहून द्या. बैठकीआधी द्यायचा आहे. मागून दिला की म्हणतात, ठरून गेले."

त्या रात्री शेजारच्या गावी मंडई होती. दिवाळी सरली की ह्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात, वडशाहून नाटकमंडळ्या येतात आणि पहाटेपर्यंत नाटके रंगतात. आम्हांला जावयाचे होते. पण अर्ज लिहिण्यात वेळ गेला. कोणत्या भागात किती एकर, कोणत्या वर्षी किती पाळ्या आल्या, भाचा सांगत होता आणि मी लिहीत होतो. मग माझे अक्षर कोणाला लागत नाही म्हणून नातीने तो सगळा स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. खाली सह्यांसाठी जागा सोडली. बहिणीने आधी स्वतःची केली.

मंडईत पोचलो तेव्हा पहिला अंक संपून गेला होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने तोवरची सारी गोष्ट आम्हांला सांगितली आणि वर म्हणाला, "बरे झाले आलात. पुढचा अंक मोठा आहे." भाच्याने अर्ज खिशात घडी करून ठेवला होता. मध्यंतरात आणखी अकरा सह्या झाल्या.